एक ओळ कोरी

पहिल्या रविवारी मुलांची उपकारस्तुती चार सेकंदांत आटोपली. "देवा, सगळ्यासाठी थँक्यू, आमेन." मी डोळे मिटेपर्यंत ती संपलीसुद्धा होती. बाकीच्या तेरा जणांनी दणदणीत "आमेन" म्हटलं, कारण आमेन झालं की बाहेर पळायला मिळतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

संडेस्कूल घ्यायला लागून तेव्हा मला अकरा वर्षं झाली होती. त्यामुळे चर्चच्या पाळकसाहेबांनी "दहा आठवड्यांनी कौटुंबिक उपासना आहे, त्यातला उपकारस्तुतीचा भाग या वेळी मुलं करतील" असं सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हणून मोकळी झाले. अट एकच. मोठ्यांनी लिहून दिलेला कागद मुलांनी वाचून दाखवायचा नाही. "ते आम्ही दरवर्षी ऐकतोच," ते म्हणाले. टोमणा मलाच होता. दरवर्षीचा तो कागद मीच लिहीत आले होते.

मुलं चौदा, वयं सहा ते बारा. माझी पहिली युक्ती म्हणजे तक्ता. भिंतीवर मोठा कार्डशीट, त्यावर सगळ्यांची नावं, आणि ज्या गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे ती वहीत लिहून आणली की नावापुढे एक चमकीचा तारा. पुढच्या रविवारी एका नऊ वर्षांच्या पठ्ठ्याने बेचाळीस गोष्टी आणल्या. मी वाचायला घेतल्या. उजव्या हाताचा अंगठा, उजव्या हाताची तर्जनी, मधलं बोट... हातापायांची वीस बोटं संपल्यावर दात सुरू झाले. आरशात बघून मोजलेले, पडलेले दोन वगळून. हिशेबात चूक काढायला जागा नव्हती. ताऱ्यांचं पाकीट मात्र तिथेच संपलं आणि मागच्या बाकावरची मंडळी रडकुंडीला आली.

त्या गडबडीत एका आठ वर्षांच्या मुलीने आपली वही पाठीमागे लपवली. तिची एकच ओळ होती आणि एकाच ताऱ्याची तिला लाज वाटत होती. मी वही मागून घेतली. लिहिलं होतं, "वेणी घालताना आजी केस ओढत नाही."

मी तक्ता काढला. पण त्यातून धडा घेतला असं म्हणणं खोटं होईल, कारण पुढच्याच आठवड्यात मी याहून मोठी चूक केली. घर नसलेल्या, आजारी, उपाशी मुलांची चित्रं नेली आणि एकेक दाखवत म्हटलं, बघा, यांच्याकडे काय नाही ते. आता तुमच्याकडे बघा. खोलीत शांतता पसरली. मला वाटलं, जमलं. मग एका अकरा वर्षांच्या मुलाने हात वर केला. "टीचर, म्हणजे त्या मुलांनी देवाला थँक्यू म्हणायचंच नाही का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन लूकचं शुभवर्तमान उघडलं, दुसरंच काही शोधायला, आणि अठराव्या अध्यायातल्या परूश्यापाशी, म्हणजे त्या काटेकोर धर्मनिष्ठ ज्यूपाशी, अडखळले. मंदिरात उभा राहून तो प्रार्थना करतो ती सुरूच होते देवाचे उपकार मानण्याने. इतर माणसांसारखा मी नाही, त्या तिथल्या जकातदारासारखा तर नाहीच, म्हणून मी तुझे उपकार मानतो. इतकी वर्षं मी हा दाखला गर्वाबद्दलचा म्हणून शिकवत आले. ती उपकारस्तुतीची प्रार्थना आहे, आणि येशूने ती नापास केली आहे, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मी चित्रं दाखवून मुलांना तीच प्रार्थना शिकवत होते, फक्त जरा मऊ आवाजात. पुढच्या रविवारी मी मुलांची माफी मागितली. त्यांना माफीचं कारण फारसं कळलं नाही. टीचर सॉरी म्हणते याचीच गंमत वाटली.

चौथ्या रविवारी शब्दानेच खोडा घातला. पाठांतराला मी पहिल्या थेस्सलनीकाकरांस पत्रातलं वचन दिलं होतं: "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." एकजण म्हणाला, "पण आमची मम्मी म्हणते कोणाचे उपकार घ्यायचे नाहीत."

सगळे हसले. मीही हसले, आणि मग लक्षात आलं की पोरगं बरोबर बोलतंय. आपण हा शब्द घरात कसा वापरतो? "फार उपकार केलेस." "उपकाराचं ओझं." "उपकार फेडीन एक दिवस." चर्चच्या दाराबाहेर हा शब्द बहुतेक वेळा कपाळाला आठी घालूनच येतो. आणि आम्ही मोठी माणसं आत येऊन तोच शब्द गाण्यात घोळवतो. मुलांच्या कानाला उपकारस्तुती म्हणजे डोक्यावरच्या कर्जाची आठवण वाटत असेल, तर चार सेकंदांत उरकावीशी वाटणारच.

दुसरे शब्द घासून पाहिले. "धन्यवाद" म्हटलं की मुलांना बक्षीस समारंभ आठवतो. "आभार" म्हणजे सभा संपत आल्याची खूण. "थँक्यू" जिभेवर इतकं रुळलंय की त्याला चवच उरलेली नाही. शेवटी हाती लागला तो आपल्या मराठी पवित्र शास्त्रातला स्तोत्रांमधला जुना शब्द: उपकारस्मरण. यातलं "स्मरण" मुलांना लगेच पकडता आलं. आठवायचं, एवढंच. फेडायचं नाही. "कृतज्ञ" या शब्दातही तेच आहे, कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. मूळ इब्री म्हणजे हिब्रू भाषेतल्या "तोदा" या शब्दाची गंमत तर वेगळीच. उपकारस्तुती, उपकारस्तुतीचं अर्पण आणि चूक कबूल करणं, या तिन्हींना तो चालतो. जे खरं आहे ते मोठ्याने मान्य करणं असा काहीसा त्याचा गाभा. हे मी मुलांना सांगितलं नाही. मला स्वतःला बरं वाटलं, इतकंच.

फेडण्याचा प्रश्न मात्र एका मोठ्या मुलीने सोडला नाही. आम्ही ११६ वं स्तोत्र वाचलं. परमेश्वराने माझ्यावर केलेल्या उपकारांबद्दल मी कसा उतराई होऊ, असं विचारून स्तोत्रकर्ता पुढच्याच ओळीत म्हणतो की मी तारणाचा प्याला हाती घेईन. "म्हणजे आणखीन घेणार?" ती म्हणाली. "हे काय फेडणं झालं?" मी म्हटलं, तसंच दिसतंय खरं.

"स्मरण" हाती आल्यावर आम्ही एक खेळ काढला. नाव मुलांनीच ठेवलं, उलटा खेळ. आता आपण जिथे बसलोय तिथून मागे मागे जायचं. तू बाकावर बसलास, बाक पुसलेला होता. कोणी पुसला? त्याच्याआधी दार उघडलेलं होतं. कोणी उघडलं? त्याच्याआधी तू कपडे घातलेस, ते धुतले कोणी? पाण्याने. पाणी कुठून आलं? नळातून, टाकीतून, नदीतून, पावसातून, आणि पाऊस कुठून असं विचारल्यावर सगळे एकदम छताकडे बघतात. पहिल्याच फेरीत बाक पुसण्यापाशी खेळ अडला. चर्चची झाडलोट करणाऱ्या काकांना रोज बघणाऱ्या चौदा मुलांपैकी एकालाही त्यांचं नाव माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण आडनावासकट नाही. दोघं धावत जाऊन विचारून आले. परत आल्यावर त्यातला एक म्हणाला, "आधी त्यांना थँक्यू म्हणू, मग देवाला. नाहीतर देव म्हणेल मधल्याला विसरलात." मला यात दुरुस्ती करण्यासारखं काही दिसलं नाही.

पाचव्या रविवारी दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट. लूक १७, शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवरची. येशू दहा जणांना बरं करतो, उपकार मानायला परत येतो एकच, आणि तो शोमरोनी. नाटक बसवायचं ठरल्यावर सगळ्यांना कुष्ठरोगीच व्हायचं होतं, कारण हातापायाला पट्ट्या गुंडाळायला मिळणार होत्या. परत येणारा एक मात्र कोणालाच नको होता. त्याला येशूच्या पायाशी पालथं पडावं लागतं आणि फरशी थंड होती. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली बोटं आणि दात मोजणाऱ्याच्या नावाची.

तालीम सुरू झाली. नियमशास्त्राप्रमाणे कुष्ठरोग्याने वस्तीबाहेर राहायचं, म्हणून दहाजण खोलीच्या त्या टोकाला उभे. तिथून सगळे बेंबीच्या देठापासून ओरडले, "येशू, गुरुजी, आमच्यावर दया करा!" शेजारच्या खोलीतून प्रौढांच्या बायबल अभ्यासातले एक गृहस्थ डोकावून गेले. मग दहाही याजकांकडे निघाले, वाटेत बरे झाले, पट्ट्या भिरकावल्या. आमचा शोमरोनी मागे फिरला, धपकन पालथा पडला आणि फरशीत तोंड खुपसून काहीतरी पुटपुटला. येशू झालेल्या मुलीला राग आला. "मागताना एवढा ओरडलास, आता काय झालं?"

मी पुस्तक उघडून बघितलं. तेराव्या ओवीत ते उंच आवाजाने दया मागतात, आणि पंधराव्यात तो एकजण मोठ्या आवाजाने देवाचा महिमा वर्णीत परत येतो. दोन ओव्यांवर तो आवाज बसला होता, आणि मी तो वर्षानुवर्षं वाचूनही ऐकला नव्हता. आमच्या उपासनेत मागण्याची प्रार्थना किती वेळ चालते आणि उपकारस्तुती किती वेळ, हे पुढच्या रविवारी मी घड्याळ लावून पाहिलं. आकडा इथे सांगत नाही. पाळकसाहेब वाचतील.

पण खरा पेच नाटक संपल्यावर आला. नवांपैकी एक होऊन पट्ट्या गुंडाळून बसलेल्या मुलाने विचारलं, "टीचर, आमचं काय चुकलं? येशूनेच सांगितलं होतं ना याजकाकडे जा म्हणून? आम्ही गेलो. ऐकलं कोणी नाही? त्याने!"

सांगते, अकरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. लेवीय १४ मध्ये बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याच्या शुद्धीकरणाचा विधी आहे, तो आठव्या दिवसापर्यंत चालतो. याजकाने तपासून शुद्ध म्हटल्याशिवाय त्यांना वस्तीत जाता येणार नव्हतं. आत आईबाप असतील, बायकामुलं असतील. मीही धावत सुटले असते. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. तुम्ही उत्तर द्यायची घाई करू नका." त्यामुळे मी मुलांकडेच तो परत टाकला. बराच गोंधळ झाला. एक मत असं पडलं की याजकाकडे नंतरही जाता आलं असतं, याजक काही पळून जात नव्हता. दुसरं असं की त्या नऊ जणांना आनंदच इतका झाला की ते विसरले, आणि विसरणं म्हणजे पाप नाही. सर्वांत लहानाने विचारलं, "मग येशूने त्यांचा रोग परत आणला?" नाही, आणला नाही. येशूने ते कुठे आहेत एवढंच विचारलं. "मग बरंय," तो म्हणाला आणि पट्टी सोडायला लागला.

सहाव्या आठवड्यात दानाच्या थैलीत खोडरबर सापडला. वापरलेला, एका कोपऱ्यात दाताच्या खुणा असलेला. पाठोपाठ एक काचेची गोटी आणि खेळण्यातल्या गाडीचं चाक. हिशेब बघणारे काका माझ्याकडे आले आणि थैली ही थट्टा करायची जागा नव्हे असं बरंच काही सुनावून गेले. मी खोडरबरवाल्याला शोधलं. सहा वर्षांचा. "तो माझा सगळ्यात चांगला रबर आहे," त्याने सांगितलं. "काळं होत नाही."

१९३८ साली फ्रान्झिस्का बाउमगार्टन-ट्रामर या स्विस मानसशास्त्रज्ञ बाईंनी सात ते पंधरा वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांना विचारलं होतं की तुझी सगळ्यात मोठी इच्छा कोणती, आणि ती पुरी करणाऱ्यासाठी तू काय करशील. काही मुलं नुसते आभार मानू म्हणाली. काही, विशेषतः लहान, म्हणाली की आपल्याला आवडणारी वस्तू त्याला देऊ. समोरच्याला काय हवं असेल याचा विचार वयाबरोबर वाढत जातो. खेळणी देऊन टाकणारं मूल थट्टा करत नसतं. त्याच्या वयाचं देणं तसंच असतं. हे मी काकांना जमेल तितकं समजावलं. काका गप्प बसले, पण गोटी त्यांनी परत केली नाही. अजून त्यांच्या टेबलावर कागद दाबायला ती ठेवलेली असते.

मोठ्या मुलांनी मात्र तो प्रश्न पुढे नेला. देवाला काय हवं असेल? आम्ही पन्नासावं स्तोत्र वाचलं, जिथे देव म्हणतो की मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, सगळं जग माझंच आहे, आणि मग उपकारस्तुतीचं अर्पण मागतो. "सगळं त्याचंच असेल तर रबरही त्याचाच," एक मुलगी म्हणाली. रबरवाल्याने लगेच तोंड वाकडं केलं. रबर दिल्यापासून तो आठवडाभर भावाचा वापरत होता.

नाटक झालं, खेळ झाला, पण उपासनेत म्हणायचं काय हे अजून ठरलं नव्हतं आणि चार आठवडे उरले होते. १३६ व्या स्तोत्राने सोडवलं. सव्वीस ओव्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच पालुपद: त्याची दया सनातन आहे. बहुधा एकाने ओळ म्हणायची आणि लोकांनी पालुपद म्हणायचं अशीच त्याची रीत असावी. रचनाच तशी आहे. सुरुवात उपकारस्मरण करा अशी, मग आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र, मग मिसरातून सुटका, समुद्र दुभंगणं, रान, राजे, आणि शेवटाकडे एकदम आपल्यापाशी येतं: दैन्यावस्थेत त्याने आमची आठवण केली, तो सर्व प्राण्यांना अन्न देतो.

"सनातन म्हणजे?" हे आलंच. मी म्हटलं, जे संपत नाही ते. "म्हणजे पाढ्यासारखं?" हो, पाढा चालेल.

मग प्रत्येकाने एक ओळ लिहायची. अटी दोन. ती तुझी हवी, म्हणजे शेजाऱ्याची चालणार नाही. आणि ती घडलेली हवी. "छान निसर्ग", "चांगलं आरोग्य" हे मी परत पाठवायला लागले. कधी? कुठे? काय झालं? दोन रविवार यातच गेले आणि माझ्या मते सगळ्या दहा आठवड्यांत हेच खरं काम झालं. बारा वर्षांच्या एका मुलाची ओळ "त्याने मला चांगले आईवडील दिले" अशी आली आणि तीन फेऱ्यांनंतर "मी नापास झालो ते त्याने पप्पांना हळू सांगायला लावलं" अशी झाली. एकीची, "रात्री लाइट गेल्यावर त्याने आम्हाला सगळ्यांना एका खोलीत बसवलं." दातवाल्याची, "त्याने माझे दोन दात पाडले आणि एक नवा दिला." दुसरा अजून यायचा होता.

ओळी मी सुधारल्या नाहीत. खोटं कशाला बोलू, एक सुधारली. व्याकरणाची होती. मुलीने परत पहिल्यासारखी केली.

सातव्या आणि आठव्या रविवारच्या मधल्या आठवड्यात त्या मुलीची आजी गेली. वेणी घालणारी.

आठव्या रविवारी ती आली, बाकावर बसली, वही उघडली आणि काहीच लिहिलं नाही. माझ्याबरोबर वर्ग घेणाऱ्या मावशी जुन्या विश्वासातल्या. त्या म्हणाल्या, तिला हळूच सांगा, अशा वेळीच उपकार मानायचे असतात, "सर्व स्थितीत" असं वचन आहे. मी म्हटलं, मावशी, वचन "स्थितीत" म्हणतं, "स्थितीबद्दल" म्हणत नाही. आजी गेली याबद्दल उपकार मान असं पोरीला सांगायचं नाही. मला वाटलं मी जिंकले. मावशींनी शांतपणे इफिसकरांस पत्र उघडून पाचव्या अध्यायातली विसावी ओवी माझ्यापुढे धरली. तिथे "सर्व गोष्टींबद्दल" असंच आहे. त्या वचनाचा अर्थ लावणाऱ्यांचं त्यावर बरंच बोलून झालेलं आहे, पण त्या क्षणी माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. मावशींनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "मी माझा मुलगा गेल्यावर हे वचन तीन वर्षं म्हटलं नाही. म्हणून म्हणते, सांगून बघा. नाही म्हणाली तर राहू द्या."

सांगितलं नाही. मावशींनीही नाही.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस वाटण्याचा विधी. काही ख्रिस्तसभांत अगदी तान्ह्या बाळालाही देतात, काहींत सात-आठ वर्षांच्या वयापासून. आमच्याकडे दृढीकरण, म्हणजे जाणत्या वयात आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी, झाल्यावरच, म्हणून मुलं बघत बसतात. ती माझ्याशेजारी बसली होती. पाळकसाहेबांनी नेहमीचे शब्द म्हटले: ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेतली, आणि उपकारस्तुती करून ती मोडली. तिने माझ्या पदराला ओढलं.

"त्याला माहीत होतं का? धरून नेणार ते?"

"हो."

"तरी उपकारस्तुती केली?"

"हो." या विधीचं जगभर चालणारं नावच त्या क्रियेवरून पडलंय, ग्रीकमध्ये युखारिस्तिया म्हणजे उपकारस्तुती, हे मला त्या वेळी सुचलं आणि मी ते गिळलं.

"काय म्हणाला तो?"

मी विचार केला. मत्तय, मार्क, लूक, पौलाचं पत्र. चौघेही सांगतात की त्याने उपकार मानले. कोणत्या शब्दांत, ते कोणीच लिहीत नाही. वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या भोजनातल्या ठरलेल्या प्रार्थना असतील असा अंदाज करता येतो, पण ओळ नाही.

"ते लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"कोरंच आहे?"

"कोरंच."

ती पुन्हा समोर बघायला लागली. वर्ग सुटताना वही माझ्याकडे देऊन म्हणाली, "माझी पण कोरी राहू दे. पण मला माझ्या नंबरला उभं राहायचंय." मी हो म्हटलं. नववा रविवार रांग, माइक आणि कोण कोणाला ढकलतो यात गेला. मंडळीने पालुपद कधी म्हणायचं ते सांगायचं काम मोठ्या मुलीकडे दिलं. तिला मी सांगितलं होतं की साधारण १५५ साली जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने रोमच्या बादशहाला उपासनेचं वर्णन लिहून पाठवलं, त्यातही पुढचा माणूस लांबलचक उपकारस्तुती करतो आणि मग सगळे लोक मिळून आमेन म्हणतात. म्हणजे लोकांचं काम तेव्हापासून आहे. तिने ते मंडळीला अशा थाटात सांगितलं की जणू जस्टिन तिच्या वर्गात होता.

दहाव्या रविवारी चौदाजण रांगेत उभे राहिले. पहिल्या दोन ओळींना मंडळी लाजली. पालुपद पुटपुटलं गेलं. तिसऱ्याला, "मी नापास झालो" वाल्या ओळीला, मागून कोणीतरी हसलं, आणि मग "त्याची दया सनातन आहे" असं एकदम भरून आलं. त्या मुलाचे वडील पुढच्याच बाकावर होते. ते म्हणत नव्हते. खाली बघत होते. रबरवाल्याने ओळ विसरून रबराचीच गोष्ट सांगितली, सगळी. काकांनी पालुपद सर्वांत मोठ्याने म्हटलं.

तिचा नंबर नववा. ती पुढे आली. वेणी वाकडी होती, एका बाजूला सैल, वडिलांनी घातलेली असावी. माइकपाशी उभी राहिली आणि काही बोलली नाही. मी मंडळीला आधी सांगून ठेवलं नव्हतं. सांगायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पाच सेकंद गेले, दहा गेले. कोणीतरी खोकलं. पोर घाबरली, विसरली, असं लोकांना वाटू लागलं, एक बाई ओळ सुचवायला अर्धवट उठल्या. दातवाला रांगेतून माझ्याकडे बघत होता, जाऊ का पुढे, असं डोळ्यांनी विचारत. मी मान हलवून थांब म्हटलं.

मग मागच्या बाकावरून मावशींचा आवाज आला. एकटाच, जरा कापरा. "त्याची दया सनातन आहे." बाकीच्यांनी शेवटचे दोन शब्द पकडले.

ती वळली आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. दातवाला तिच्या जागी आला, माइक खाली ओढला आणि वहीकडे न बघता म्हणाला, "त्याने माझे दोन दात पाडले आणि दोन नवे दिले. दुसरा शुक्रवारी आला." आणि तो बघता यावा म्हणून त्याने मंडळीला तोंड उघडून दाखवलं.